घाटरस्ता आणि मोटारीतील इशाऱ्याचे दिवे

बेळगावहून गोव्यास जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७४८ खानापूर व लोंढा मागे टाकून उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात शिरतो. रामनगर ओलांडले की दोन्ही बाजूंचे अरण्य दाट होत जाते आणि अनमोडपासून रस्ता सह्याद्री उतरू लागतो, तो गोव्यातील मोलेपर्यंत. याच तालुक्यातून दुसरा एक रस्ता जोयडा, कुंभारवाडा, अणशी या गावांवरून अणशी घाटाने कद्र्याकडे आणि पुढे कारवारला जातो. बेळगाव, कोल्हापूर, सांगली या भागांतील असंख्य कुटुंबे सुटीच्या दिवसांत स्वतःच्या मोटारीने या वाटांनी प्रवास करतात. कोणी गोव्यास देवदर्शनाला निघालेले असते, कोणी माघातील जत्रेसाठी उळवीस, तर कोणी गणेशगुडीस सुपा धरण आणि काळी नदी पाहावयास. मराठी आणि कोंकणी कानावर पडणारा हा मुलूख या प्रवाशांना परका वाटत नाही. परका असतो तो घाट.

या तालुक्याचा बराच मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्याने व्यापलेला आहे. वस्ती विरळ, पाऊस मुसळधार, आणि कित्येक वळणांवर मोबाईलला रेंज मिळत नाही. मोटार बिघडली तर जाणत्या मेकॅनिकसाठी रामनगर, दांडेली किंवा कारवार गाठावे लागते. शहरात डॅशबोर्डवर एखादा दिवा लागला की चालक सहसा दुर्लक्ष करतो, कारण गॅरेज पुढच्या चौकात असते आणि गॅरेजवाल्याचा क्रमांक खिशात असतो. अणशीच्या उतारावर तोच दिवा लागला तर मोटार आहे तेथे उभी करावयाची की सावकाश पुढे न्यावयाची, हे चालकाला स्वतःच, आणि तेही काही क्षणांत, ठरवावे लागते. दोहोंपैकी चुकीचा निर्णय महागात पडतो. न थांबल्याने इंजिन कायमचे निकामी होऊ शकते. उलट अकारण थांबल्याने धुक्यातील आंधळ्या वळणावर मागून येणाऱ्या ट्रकपुढे कुटुंब उभे राहते.

मोटारीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत या सर्व दिव्यांची माहिती दिलेली असते. परंतु ही पुस्तिका बहुतेक घरी विम्याच्या कागदांबरोबर कपाटात सुरक्षित असते. निदान प्रवासाच्या आदल्या रात्री तरी ती मोटारीत परत ठेवणे इष्ट होय.

रंगांचा संकेत

डॅशबोर्डवरील चिन्हे जगभर जवळजवळ सारखीच आहेत. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरलेले आहे. त्यामुळे एका मोटारीवरील चिन्हे ओळखता आली की दुसऱ्या कंपनीच्या मोटारीतही फारशी अडचण येत नाही. चिन्हापेक्षाही आधी पाहावयाचा तो रंग. तांबडा दिवा तातडीचा धोका सांगतो. पिवळा किंवा नारिंगी दिवा एखादी यंत्रणा बिघडल्याचे अथवा बंद पडल्याचे कळवितो. मोटार बहुधा चालू शकते, पण तपासणी लांबणीवर टाकू नये. हिरवा व निळा हे केवळ माहितीचे रंग आहेत. मोठा झोत चालू असल्याचे निळा दिवा सांगतो आणि वळणाचा इशारा चालू असल्याचे हिरवा. अनेक छोट्या मोटारींत इंजिनच्या उष्णतेचा काटा नसतो. त्याऐवजी इंजिन थंड असेपर्यंत निळा दिवा दिसतो आणि इंजिन अतिशय तापले की त्याच चिन्हाचा दिवा तांबडा होतो. अशा मोटारीत मधली स्थिती दिसतच नाही, हे तिच्या मालकाने ध्यानात ठेवावे.

चावी फिरविल्यावर, परंतु इंजिन सुरू होण्यापूर्वी, बरेचसे दिवे एकदम लागतात आणि काही सेकंदांत मावळतात. अनेकांना हा नुसता देखावा वाटतो. वस्तुतः ती दिव्यांची स्वतःचीच हजेरी असते. या हजेरीत जो दिवा लागतच नाही तो खराब झालेला असू शकतो, आणि खराब झालेला दिवा संकटसमयीही लागणार नाही. जुनी मोटार विकत घेताना तर ही हजेरी अवश्य पाहावी. बिघाड दुरुस्त करण्याऐवजी दिवाच बंद करून ठेवण्याचा लबाड उपाय काही ठिकाणी होतो. एअरबॅगचा दिवा चावी फिरविल्यावर मुळीच उजळत नसेल, तर सौदा तेथेच थांबविलेला बरा.

थांबविणारे दिवे

तांबड्या दिव्यांपैकी सर्वांत निकडीचा दिवा इंजिन ऑइलचा. त्याचे चिन्ह तेलाच्या झारीसारखे असून तोटीतून एक थेंब गळताना दाखविलेला असतो. हा दिवा तेल किती उरले ते सांगत नाही, तर तेलाचा दाब घटल्याचे सांगतो. आणि दाब नसेल तर इंजिनचे धातूचे भाग कोरडे घासू लागतात. जागा मिळताच मोटार बाजूस घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. ‘खाली गाव आहे, तेथवर नेऊ’ असा विचार येथे चालत नाही. काही मिनिटांतच इंजिन जाम होऊ शकते. मोटार शक्य तितक्या सपाट जागी असावी, काही वेळ जाऊ द्यावा, आणि मग कांडी ओढून तेलाची पातळी पाहावी. घाटात याचे एक सौम्य रूपही दिसते. तेल कमी झालेले असेल, तर तीव्र चढावर किंवा वळणावर ते तळाशी एका बाजूस सरकते आणि दिवा क्षणभर चमकून विझतो. दिवा विझला म्हणून दोष गेला असे समजू नये. पहिल्याच सपाट जागी कांडी पाहावी.

तापमापकाच्या चिन्हाचा तांबडा दिवा इंजिन तापल्याचा होय. उन्हाळ्यात मोल्याकडून अनमोडकडे चढताना, मोटार माणसांनी व सामानाने भरलेली आणि वातानुकूलन पूर्ण चालू असताना, हा प्रसंग येण्याचा संभव अधिक. प्रथम वातानुकूलन बंद करावे. काटा नुसता वर सरकू लागला असेल, तर हीटर पूर्ण चालू करून काचा उघडल्याने इंजिनची बरीच उष्णता बाहेर काढता येते. उकाडा सोसावा लागतो, पण उपाय खरा आहे. तांबडा दिवा लागून राहिला तर मात्र थांबणे भाग आहे. रेडिएटरचे झाकण गरम असताना कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते आणि झाकण सुटताच ते वाफेसह तोंडावर, हातावर उसळते. अर्धा तास थांबण्याचा कंटाळा केल्याने भाजण्याच्या दुखापती होतात.

बॅटरीच्या चिन्हाचा दिवा चालू इंजिनावर लागला, तर बहुधा दोष बॅटरीत नसून तिला वीज पुरविणाऱ्या अल्टरनेटरमध्ये किंवा तो फिरविणाऱ्या पट्ट्यात असतो. तेथून पुढे मोटार साठलेल्या विजेवर चालते. दिवसा, कोरड्या हवेत, अनावश्यक उपकरणे बंद करून काही अंतर कापता येते. पावसाळी रात्री पुढील दिवे, वायपर आणि काचेवरचा पंखा हे सारे आवश्यकच असल्याने तो साठा फार लवकर संपतो. काही इंजिनांत हाच पट्टा पाणी फिरविणारा पंपही चालवितो. त्यामुळे बॅटरीच्या दिव्यामागोमाग उष्णतेचा दिवा लागला तर पट्टा तुटला असे जाणून लगेच इंजिन बंद करावे.

उतारावर ब्रेक

वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला तांबडा दिवा ब्रेकचा. हॅंडब्रेक ओढलेला असला तरी तो लागतो, म्हणून आधी हॅंडब्रेक पूर्ण सुटला आहे की नाही ते पाहावे. तो सुटलेला असूनही दिवा राहिला, तर ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली आहे असा त्याचा अर्थ. पातळी दोन कारणांनी उतरते. ब्रेकचे पॅड झिजले की ऑइल हळूहळू खाली सरकते. आणि कोठे गळती असली की वेगाने. पातळी किमान खुणेच्या आसपास असेल तर उतारावर मोटार पुढे कलताच दिवा लुकलुकतो. काही चालक बाटलीभर ऑइल ओतून दिवा विझवितात. पॅड झिजलेले असतील तर त्याने फक्त इशारा गप्प होतो, पॅड होते तसेच राहतात. घाट उतरण्यापूर्वी हा दिवा दिसल्यास घाट उतरू नये, इतके निःसंदिग्धपणे सांगता येते. अनमोडच्या तपासणी नाक्यावर मोटारीची गती कमी होतेच. तेवढ्यात डॅशबोर्डवर एक नजर टाकण्यास आणि पेडल दाबून पाहण्यास वेळ लागत नाही.

मात्र घाटातील सर्वांत मोठा धोका कोणताच दिवा दाखवीत नाही. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्याने ते तापतात आणि तापलेले ब्रेक हळूहळू धरेनासे होतात. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पाच माणसे व सामान मिळून १,३०० किलो वजनाची मोटार ५०० मीटर उंचीवरून खाली उतरते, तेव्हा मोठी बादलीभर, म्हणजे सुमारे १९ लिटर, थंड पाणी उकळीस आणण्यास पुरेल एवढी उष्णता निर्माण होऊ शकते. तिचा थोडाच भाग वारा व इंजिन यांच्याकडे गेला, तर उरलेली सारी चार चाकांतील हातभर रुंदीच्याही नसलेल्या तबकड्यांत आणि ड्रममध्ये साठते. पॅड ठराविक उष्णतेपलीकडे पकड सोडतात. त्यातच ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेणारे असते. ‘डॉट ३’ या प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शिरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. ‘डॉट ४’ प्रतीसाठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. ऑइल उकळले की नळ्यांत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात आणि चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. पेडल एकाएकी तळाला जाते. ऑइलची पातळी पूर्ण असल्याने डॅशबोर्ड या वेळी अगदी स्वच्छ दिसत असतो.

दिवा नसला तरी खुणा असतात. जळक्याचा उग्र वास येतो, पेडल मऊ वाटते किंवा नेहमीपेक्षा खोल जाते, चाकाजवळून धूर निघतो. यांपैकी एक खूण जाणवताच गिअर आणखी खाली आणून, रुंद व पुढून-मागून दिसेल अशी जागा पाहून थांबावे. तापलेल्या तबकड्यांवर पाणी ओतू नये, त्याने त्या वाकतात किंवा तडकतात. ब्रेक तापलेले असताना हॅंडब्रेकवर विसंबण्याऐवजी मोटार पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. निघताना ते दगड आठवणीने रस्त्याबाहेर टाकावेत. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव त्यावर अवलंबून असतो. अर्धा-पाऊण तासात ब्रेक थंड होतात. पेडल पुन्हा घट्ट लागले तरच पुढे निघावे, अन्यथा मदत मागवावी.

हा प्रसंग टाळण्याची रीत जुन्या ट्रकचालकांना ठाऊक आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. इंजिनच मोटारीला रोखून धरते आणि ब्रेकचा उपयोग अधूनमधून, ठामपणे पण थोडाच वेळ करावा लागतो. स्वयंचलित गिअरच्या मोटारीतही खालचा गिअर निवडण्याची सोय बहुधा असते. ती कोठे आहे ते घाटात शोधण्याऐवजी अंगणात शोधून ठेवावे. विजेवर चालणाऱ्या मोटारी उतारावर बॅटरी भरत स्वतःला रोखतात खऱ्या, परंतु बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर हे रोखणे कमी होते. म्हणून घाटमाथ्यावर ती काठोकाठ भरून घेण्याचे कारण नाही.

इंधन वाचेल या समजुतीने न्यूट्रलमध्ये, कधी इंजिन बंद करूनही, उतार कापणारे चालक आजही आढळतात. आधुनिक इंजिनात गिअर लागलेला असताना आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना इंधनपुरवठा आपोआप थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. म्हणजे हिशेबही उलटाच आहे. इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारा जोर दोन-तीन दाबांत संपतो, स्टिअरिंग जड होते आणि चावी काढल्यास ते जखडलेही जाऊ शकते. दोन रुपयांच्या पेट्रोलसाठी इतके धाडस करणे शहाणपणाचे नव्हे.

ब्रेक ऑइल साधारणपणे दर दोन वर्षांनी, अथवा पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत, बदलावे. कोकणच्या दमट हवेत राहणाऱ्या मोटारींच्या बाबतीत ही मुदत चुकवू नये.

पिवळे दिवे

एबीएस ही अक्षरे असलेला पिवळा दिवा लागला तर चाके जखडू न देणारी यंत्रणा बंद झालेली असते. साधे ब्रेक चालू असतात. १९७८ साली युरोपातील महागड्या मोटारींत प्रथम आलेली ही यंत्रणा भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना आवश्यक झाली आहे. तिचे काम अंतर कमी करण्यापेक्षा दिशा राखण्याचे आहे. ओल्या वळणावर गवा एकाएकी आडवा आला आणि ब्रेक पूर्ण दाबला, तर जखडलेल्या चाकांची मोटार सरळ घसरत जाते, मग स्टिअरिंग कितीही फिरवा. एबीएस असलेली मोटार दाबलेल्या ब्रेकनिशी वळविता येते. पेडल पायाखाली थरथरते, खडखड आवाज होतो. ती यंत्रणेची चाल आहे. घाबरून पाय उचलू नये. एबीएसचा पिवळा आणि ब्रेकचा तांबडा असे दोन्ही दिवे एकदम लागले, तर पुढच्या व मागच्या चाकांतील ब्रेकची वाटणीही बिघडलेली असू शकते. अशा वेळी मोटार थांबविणे हाच मार्ग.

मोटारीमागे नागमोडी रेषा असे चिन्ह असलेला दिवा घसरणीवर नियंत्रण ठेवणाऱ्या यंत्रणेचा. तो लुकलुकत असेल तर यंत्रणा काम करीत आहे आणि रस्ता निसरडा आहे, असे समजून गती कमी करावी. तो स्थिर राहिला तर यंत्रणा बंद आहे. हाच भेद इंजिनच्या आकाराच्या पिवळ्या दिव्यालाही लागू पडतो. स्थिर दिव्यानिशी सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. तो लुकलुकू लागला तर इंजिनात इंधन नीट जळत नाही आणि न जळलेले इंधन धुराड्यातील शुद्धीकरणाच्या भागाची हानी करीत आहे, असा अर्थ होतो.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ मानकांनुसार बनलेल्या डिझेल मोटारींच्या मालकांना आणखी एक दिवा छळतो. धुरातील काजळी अडविणारी गाळणी भरली की तो लागतो. गाळणी स्वतःच ती काजळी जाळून टाकते, परंतु त्यासाठी मोटार काही मिनिटे सलग, बऱ्यापैकी गतीने धावावी लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्या किंवा घाटात रखडत चालणाऱ्या मोटारीला ती संधी मिळत नाही. हा दिवा लागल्यास घाटात काहीच करावयाचे नसते. खाली सपाट मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एका गतीने मोटार चालविल्यास तो बहुधा विझतो.

घोड्याच्या नालासारख्या चिन्हात उद्गारचिन्ह असलेला दिवा टायरमधील हवेचा. हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ झाल्यास तो टायर कायद्याने बाद ठरतो. जोयड्याच्या पावसात मात्र त्यापूर्वीच तो बदलावा हे उत्तम.

पट्टा आणि एअरबॅग

खुर्चीत बसलेली व्यक्ती आणि तिच्यापुढे गोळा, या चिन्हाचा दिवा एअरबॅगचा. काही मोटारींत तो तांबडा असतो, काहींत पिवळा. तो लागून राहिला तर अपघातात एअरबॅग उघडेल याची शाश्वती नाही, आणि पट्टा आवळून धरणारे उपकरणही त्याच यंत्रणेचा भाग असल्याने तेही बंद असू शकते. मोटार चालते, ब्रेक लागतात, म्हणून हा दिवा महिनोन् महिने तसाच राहतो. जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी आणि जानेवारी २०२२ पासून शेजारच्या प्रवाशासाठीही एअरबॅग आवश्यक आहे.

एअरबॅग ही पट्ट्याची पर्यायी सोय नव्हे, पुरवणी आहे. ती सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते. पट्टा न बांधलेला माणूस तोवर पुढे फेकला गेलेला असतो आणि फुगत असलेली पिशवीच त्याच्यावर आदळते. मागे तोंड करून बसवावयाची बाळाची खुर्ची एअरबॅग चालू असलेल्या पुढील आसनावर कधीही ठेवू नये, ते याच कारणाने. पुढे बसविलेल्या लोखंडी कठड्यांमुळे आघात मोजणाऱ्या संवेदकांची फसगत होऊ शकते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये असे कठडे बसविण्याविरुद्ध राज्यांना कारवाई करण्यास कळविले, ते या आणि पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने. जंगलातून जावयाचे म्हणून कठडा हवा, असे म्हणणारे आजही भेटतात.

पट्ट्याचा तांबडा दिवा आणि त्याबरोबर वाजणारा नाद जुलै २०१९ पासून पुढील दोन्ही आसनांसाठी आवश्यक झाला. तो नाद टाळण्याकरिता खाचेत नुसती धातूची जीभ अडकविण्याची युक्ती निघाली आणि अशा क्लिपा उघडपणे विकल्याही जाऊ लागल्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्या कंपन्यांना त्या विक्रीतून काढून टाकण्याचा आदेश दिला. पैसे मोजून धोक्याची घंटा बंद करणारे ग्राहक असावेत, ही गोष्ट चमत्कारिक खरी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात पट्टा न बांधलेल्या १६,७१५ व्यक्ती अपघातांत मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ८,३८४ चालक होते आणि ८,३३१ प्रवासी.

मागे बसणाऱ्यांना पट्टा लागत नाही ही समजूत तर शहरी, सुशिक्षित कुटुंबांतही खोल रुजलेली आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मोटार नामांकित बनावटीची होती. मागील आसनावरील दोघेही दगावले आणि पुढील दोघे बचावले. मागच्या दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढे तोंड करून मागे बसलेल्या प्रवाशांनाही पट्टा बंधनकारक आहे, आणि चौदा वर्षांखालील बालकाला पट्टा किंवा बालआसन न वापरल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. मांडीवरचे मूल आईच्या हातांत सुरक्षित राहील हा विश्वास साध्या गणिताने खोटा ठरतो. ५० किलोमीटर गतीने जाणारी मोटार आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर १० किलोचे मूल सुमारे २०० किलो वजनाइतक्या जोराने पुढे खेचले जाते. तेवढा भार कोणतीही माता पेलू शकणार नाही.

घाटात एक गैरसमज हमखास होतो. तीव्र चढावर किंवा उतारावर उभ्या मोटारीत पट्टा ओढला असता तो अडकतो आणि प्रवासी तो बिघडला असे ठरवून सोडून देतात. कलत्या स्थितीत पट्टा जखडावा अशीच त्याची रचना असते. तो पूर्ण आत जाऊ देऊन सावकाश ओढावा, नाही तर मोटार सपाट जागी येताच बांधावा. अरुंद वाटेवर निसर्ग पाहण्यासाठी उतरून पुन्हा बसणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पहिल्यांदा बांधलेला पट्टा दुसऱ्यांदा बहुधा राहून जातो.

भारत एनकॅप या ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या चाचणीत मोटारींना तारे दिले जातात. पाच तारे पाहून मोटार घेणे योग्यच. फक्त त्या चाचणीतील पुतळ्यांना पट्टे बांधलेले असतात. अतिवेगाचा इशारा देणारी घंटा ताशी ८० किलोमीटरनंतर अधूनमधून आणि १२० नंतर सतत वाजते. अनमोडच्या वळणांवर ५० ही गतीदेखील अतिवेगच ठरते, आणि तेथे ती घंटा अवाक्षर काढीत नाही.

मोटार उभी करावी लागलीच तर

चारही बाजूंचे लुकलुकणारे दिवे अशा वेळेसाठीच असतात. धुक्यात चालत्या मोटारीत ते लावण्याची प्रथा चुकीची आहे, कारण मागच्याला मोटार उभी आहे की चालू आहे आणि ती कोठे वळणार, हे कळत नाही. धुक्यासाठी साधा झोत, म्हणजे खालचा प्रकाश, आणि असल्यास मागील धुक्याचा दिवा वापरावा. तांबडा परावर्तक त्रिकोण मोटारीपासून सुमारे ५० मीटर मागे ठेवावा. वळण जवळ असेल तर तो वळणाच्या अलीकडे ठेवावा, म्हणजे येणाऱ्या चालकास वळण घेण्यापूर्वीच दिसेल. प्रवाशांनी मोटारीत बसून राहू नये. दरीची बाजू सोडून, रस्त्यापासून दूर, डोंगराच्या अंगाला परंतु दरड सुटण्याजोगी जागा टाळून उभे राहावे. काळोखात जंगलात आत शिरू नये.

रुग्णवाहिकेसाठी १०८, सर्व प्रकारच्या तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक उपयोगी पडतात. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली स्पष्ट करण्यात आले आहे. तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांनीही थांबण्यास कचरू नये. रेंज नसल्यास पहिल्या येणाऱ्या बसच्या वाहकाकडे किंवा ट्रकचालकाकडे चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीत मोटारीचा क्रमांक, माणसे किती, कोणी जखमी आहे काय आणि शेवटी दिसलेल्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा लिहावा. घाटात ‘तिसऱ्या वळणावर’ असे सांगून कोणालाही जागा सापडत नाही. दगडावरच्या आकड्यावरून ती लगेच सापडते.